आगोटीआधी (पावसाळा लागण्याआधी) लाकूडफाटा : तोडण्यापासून पडवीत रचण्यापर्यंत

चुलीत घातलेल्या लाकडाच्या टोकाला फेस येऊन ते चरचरत असेल, तर पावसाला बोल लावू नका. ते लाकूड मे महिन्यात आत आलं तेव्हाच ओलं होतं. कोकणात दर जुलैला घरोघर हीच तक्रार ऐकू येते : लाकडं पडवीत होती, वर कागद होता, तरी पेटत नाहीत, नुसता धूर. न्हाणीतला हंडा तापायला तास जातो, फुंकणी फुंकून घरातल्या बायकांचे डोळे लाल होतात आणि शेवटी कुणीतरी वैतागून प्लॅस्टिकची पिशवी चुलीत कोंबतं.

बहुतेक घरांत चूक एकच असते, कामांचा क्रम उलटा झालेला असतो. लाकूड आधी आत येतं, मग लागेल तसं फोडलं जातं आणि वाळवणं हे वेगळं काम आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तोडणं, तुकडे करणं, फोडणं, वाळवणं, तपासणं आणि सगळ्यात शेवटी आत आणून रचणं, हा क्रम आहे. खालचा सगळा हिशेब रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या घराचा आहे. तिथे गॅस असला तरी आंघोळीचं पाणी आणि एखादा भाताचा टोप चुलीवरच चढतो आणि पावसाळ्यात घराला ऊब मिळणं, कपडे वाळणं हेही त्याच विस्तवावर चालतं.

१. आधी किती लागेल ते मोजा (डिसेंबर)

"दोन गाड्या पुरतात" हा हिशेब नव्हे. गाडीत काय भरलंय, ओलं की सुकं, यावर सगळं अवलंबून असतं. एक ताणकाटा घ्या आणि सलग चार दिवस चुलीत जाणारं सुकं लाकूड तोलून लिहून ठेवा.

अंदाजासाठी एक गणित देतो. चार माणसांच्या आंघोळीला ६० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं, तर पाण्याला २१०० किलोकॅलरी उष्णता मिळायला हवी. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३५०० किलोकॅलरी असतात, पण उघड्या चुलीत त्यातले १५ टक्के भांड्यापर्यंत पोचले तरी पुष्कळ. म्हणजे नुसत्या आंघोळीला रोज ४ किलो. मृगापासून दसऱ्यापर्यंत सव्वाशे दिवस धरले तर ५०० किलो. त्यात स्वयंपाकाचे रोजचे ३-४ किलो मिळवले की टनाच्या जवळ जातो.

यावर पाचवा हिस्सा जास्त धरा. गणपतीला चाकरमानी आले की पाच-सात दिवस न्हाणीतली चूल दुपारपर्यंत विझत नाही आणि नेमकं त्याच आठवड्यात लाकूड संपल्याचं लक्षात येतं.

जागेचा अंदाज असा : कडक जातीचं, फोडून वाळवलेलं एक टन लाकूड रचलं की साधारण ८ फूट लांब, ५ फूट उंच आणि २ फूट रुंद जागा व्यापतं. हलक्या लाकडाला याहून बरीच जास्त लागेल. एवढी कोरडी जागा तुमच्याकडे आहे का, ते आजच बघा. मेमध्ये बघून उपयोग नाही.

२. कोणतं लाकूड, आणि ते तुमचं आहे का (डिसेंबर-जानेवारी)

आधी पडलेलं आणि वठलेलं गोळा करा. आंब्या-काजूच्या छाटणीच्या फांद्या, वादळात पडलेली झाडं, मोडलेला मांडव यातूनच बऱ्याच घरांची निम्मी गरज भागते.

उभं झाड तोडायचं असेल तर थांबा. झाड स्वतःच्या सातबाऱ्यातलं असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीतल्या जातींना परवानगी लागते. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, साग, हिरडा, मोह हे सगळे त्या यादीत आहेत. तालुक्याच्या वनखात्याच्या कार्यालयात अर्ज डिसेंबरातच द्या. परवानगीची वाट बघण्यात मार्च उजाडला तर वाळवायला ऊन उरत नाही. खाडीकाठच्या तिवराला मात्र हात लावू नका. कांदळवनाची तोड पूर्ण बंद आहे.

आता जातींबद्दल. ऐन, किंजळ आणि खैर यांचा विस्तव कडक आणि निखारा टिकाऊ. चिंचेचंही तसंच, पण फोडायला जीव घेते. समुद्राकडच्या गावांत सुरूचं लाकूड फार चांगलं, उभं चिरतं आणि झटकन पेटतं. सामाजिक वनीकरणातून जिकडेतिकडे लागलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ जळणाला उत्तम आहे, आणि तिच्यामुळे जंगलातला ऐन तोडावा लागत नाही म्हणून माझी पहिली पसंती तिलाच. आंबा मध्यम. त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून तो सगळ्यात आधी जाळून संपवायचा. काजू जळतो बरा, पण चिकामुळे धूर काळा आणि चरचरीत येतो. तो न्हाणीच्या चुलीला ठेवा, भाकरीच्या नको. सावर, पांगारा, शेवगा ही वजनाला कापूस. ती नुसती जागा अडवतात.

सावध : बिब्बा, कण्हेर आणि शेर यांची लाकडं भाऱ्यात येऊ देऊ नका. बिब्ब्याचा चीकच नव्हे, धूरसुद्धा अंगावर उततो. कण्हेर विषारी आहे. काजूबियांची टरफलं घरातल्या चुलीत टाकू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला भाजून काढतो. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि सनमायका लावलेले तुकडेही नकोत.

विकत घेत असाल तर वजनावर ओलं लाकूड घेऊ नका. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं, म्हणजे निम्मे पैसे पाण्याचे गेले. ओलं घ्यायचंच असेल तर जानेवारीत, ढिगाच्या मापावर, आणि वाळवणं आपल्या अंगावर घेऊन.

३. चुलीचं माप घेऊन तुकडे करा

कटरवाला (यंत्राच्या करवतीने लाकूड कापून देणारा) येण्याआधी दोन्ही चुलींच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. लाकूड त्याहून चार बोटं जास्त लांब असावं, एवढंच. साधारण स्वयंपाकाच्या चुलीला सव्वा फूट आणि न्हाणीतल्याला दीड ते पावणेदोन फूट येतं. त्या मापाची एक काठी तोडून कटरवाल्याच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं माप तिसऱ्या ओंडक्यापर्यंत विसरलं जातं.

"लांब लाकूड पुढे सारत जाऊ" असं म्हणणारे खूप आहेत. तसं जळतं, खोटं नाही. पण लाकडातलं पाणी सालीतून फारसं बाहेर पडत नाही, ते कापलेल्या टोकांतून निघून जातं. तुकडा जेवढा आखूड, तेवढा लवकर वाळतो. चार फुटांचा वासा मेअखेर बाहेरून खडखडीत दिसला तरी मधोमध ओलाच असतो. शिवाय चुलीबाहेर दोन फूट आलेल्या जळत्या लाकडाला लहान पोरं अडखळतात.

४. फोडणं त्याच आठवड्यात

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच आहे आणि पुढे सगळं यावर ठरतं. सालीत बंद असलेला गोल ओंडका चार महिने उन्हात पडला तरी पुरता वाळत नाही. तोच चार फाकांत फोडला की वाळतो. आणखी एक : ओलं लाकूड सुक्यापेक्षा सोपं फुटतं. ऐन सुकल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाही. "सुकल्यावर फोडू" म्हणणारा माणूस दुप्पट घाम गाळतो आणि अर्धवट ओलं लाकूड आत नेतो.

फोडी दोन जाडीच्या करा : स्वयंपाकाला मनगटाएवढ्या, न्हाणीला पोटरीएवढ्या. ज्या ओंडक्याला गाठ आहे तो कुऱ्हाडीने फोडत बसू नका. पाचर आणि घण घ्या, नाहीतर तो तसाच बाजूला टाका. असे पाच-सहा गाठाळ ओंडके रात्री विस्तव धरून ठेवायला लागतातच.

सावध : फोडायला सुरुवात करण्याआधी कुऱ्हाडीचं पातं दांड्यात घट्ट आहे का ते हलवून पाहा. ढिलं असेल तर पातं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, लाकूड फुगून घट्ट बसतं. तो उपाय त्या दिवसापुरता. कायमचा म्हणजे नवी पाचर ठोकणं. ओंडका जमिनीवर नको, रुंद बुंध्यावर उभा करा आणि पाय फाकवून उभे राहा. पायात चपला नकोत, बूट हवेत. समोर आणि मागे कुणी उभं राहणार नाही, मुलं तर नाहीच.

आंब्याची आणि सुटत आलेली कुठलीही साल याच वेळी काढून टाका. भुंगा आणि वाळवी सालीखालीच घर करतात. निघालेली साल पेटवणीला उपयोगी पडते.

५. उन्हात वाळवणं (फेब्रुवारी ते मेचा मध्य)

ऊन लागतंच, पण वारा त्याहून जास्त लागतो. अंगणात लाकडांचा ढीग ओतून ठेवला तर वरचा हातभर थर वाळतो, खाली बुरशी धरते. म्हणून खाली दोन वासे टाका आणि एक थर उभा, एक थर आडवा, अशा चौकटी रचा. दोन फोडींमध्ये बोट जाईल एवढी फट ठेवा. चौकट कमरेइतकी झाली की दुसरी सुरू करा.

सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या माळावरच्या, कातळाइतकी चांगली जागा नाही. दुपारी दगड तापतो आणि वारा अडत नाही. पण सड्यावर मार्चपासून वणवे लागतात, आणि सुकलेलं लाकूड म्हणजे वणव्याला खाऊच. रचण्याआधी चारी बाजूंनी दहा फूट गवत खरवडून काढा. शेजारच्या कलमांच्या बागेत पातेरा (गळलेला सुका पाला) जाळायचा असेल, तर त्या दिवशी आपण तिथे पाण्याचा पिंप घेऊन हजर असावं.

महिन्याने चौकटी एकदा उलटून रचा, खालच्या फोडी वर, वरच्या खाली. फेब्रुवारीतलं दंव मनाला लावून घेऊ नका, ते नऊ वाजेपर्यंत उडतं. वळवाची सर आली तर फक्त वरून पत्रा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उचला.

सावध : प्लॅस्टिकच्या कागदाने चौकट चारी बाजूंनी गुंडाळू नका. आत लाकडातूनच निघालेली वाफ कागदाला लागून थेंब होते आणि परत लाकडावर पडते. आम्ही एका वर्षी अवकाळीच्या भीतीने मार्चअखेर सगळा ढीग असा बांधून ठेवला होता. मेमध्ये सोडला तेव्हा कागदाच्या आतून पाणी ओघळत होतं आणि प्रत्येक फोडीवर पांढरी लव आली होती. पुन्हा पसरून वाळवायला तीनच आठवडे हातात होते. ते पुरले नाहीत.

मनगटाएवढ्या फोडीला या उन्हात तीन महिने लागतात, पोटरीएवढ्या ऐन-किंजळाला चार. म्हणूनच तोड जानेवारीत व्हायला हवी.

६. तपासणी : याशिवाय एकही काटकी आत नको

वर लिहिलेलं सगळं केलं तरी ही पायरी गाळू नका. कारण समजून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते. त्या हवेत पूर्ण वाळलेलं लाकूडसुद्धा पाणी ओढतं आणि १८-२० टक्के ओलाव्यावर येऊन थांबतं. तेवढ्यावर ते पेटतं. पण ३०-३५ टक्क्यांवर आत आलेलं लाकूड त्या दमट पडवीत खाली उतरता उतरत नाही. पावसाळ्यात लाकूड वाळत नाही, हे मनाशी पक्कं धरा.

सगळ्यात खात्रीचा उपाय वजनाचा आहे. फोडतानाच वेगवेगळ्या जाडीच्या तीन फोडी गेरूने खूण करून ढिगाच्या मध्यभागी ठेवा. दर रविवारी तोला आणि वजन फोडीवरच पेन्सिलने लिहा. दोन किलोची ताजी फोड उतरत उतरत सव्वा किलोच्या आसपास येते. लागोपाठ दोन रविवार वजन हललं नाही की समजा झालं.

ताणकाटा नसेल तर या खुणा एकत्र बघा, एकटी कुठलीही पुरेशी नाही :

दोन फोडी एकमेकींवर आपटा. सुक्या खणकन वाजतात, ओल्या बद्द. टोकांना मध्यापासून कडेपर्यंत चिरा पडलेल्या असाव्यात. साल नखाने सुटावी. आणि ढिगाच्या मधली सगळ्यात जाड फोड घेऊन तिथल्या तिथे फोडा आणि आतली ताजी बाजू गालाला लावा. ओलं लाकूड थंड लागतं. ही गालाची परीक्षा मी दुकानदारासमोरही करतो. एकदा मेच्या मध्यावर एक टेम्पो "वर्षाचं सुकं" म्हणून घेतला होता. टोकांना चिरा होत्या, रंग करडा होता, फोडून पाहिलं नाही. आत गाभा ओलसर पिवळा होता, आणि त्या साली गणपतीपर्यंत घरात धूर होता. तेव्हापासून गाडी खाली करण्याआधी तीन फोडी मी निवडतो, विकणारा नाही, आणि त्या फोडूनच बघतो.

तपासात नापास झालेलं लाकूड वेगळं काढा, आणखी बारीक फोडा आणि मेचं शेवटचं ऊन द्या. तरीही ओलं राहिलं तर ते मांगरात (शेतातल्या खोपीत) बाजूला ठेवा, सुक्या लाकडात मिसळू नका.

७. आत आणणं आणि रचणं (१५ ते २५ मे)

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं. त्याआधी सगळं आत हवं. दुपारी तीननंतर, तापलेलं लाकूड उचला. सकाळच्या दमट हवेतलं नको. प्रत्येक फोड आपटून मगच टोपलीत टाका, किडे आणि भुसा तिथेच गळून पडतात. एखाद्या फोडीतून पिठासारखा भुसा पडत असेल तर ती आत नेऊ नका, चार दिवसांत जाळून टाका. घराच्या वाशांना तोच भुंगा लागतो.

जागा : पाऊस आणि वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून पूर्वेची किंवा मागीलदारची पडवी निवडा. चुलीला, विजेच्या बोर्डाला आणि मीटरला लागून रचायचं नाही. किमान चार-पाच हात अंतर ठेवा.

बैठक : जमिनीवर थेट रचलं की खालचे दोन थर वाळवीचे झाले. जांभ्याचे चिरे दोन ओळींत आडवे मांडा, सहा-सात इंच उंची मिळते. चिरा जमिनीतलं पाणी शोषून वर नेतो, म्हणून प्रत्येकावर कौलाचा तुकडा ठेवा आणि मग पोफळीच्या किंवा बांबूच्या बल्ल्या टाका. भिंतीपासून एक वीत मोकळी सोडा. तिथून वारा खेळतो आणि वाळवीची मातीची रेघ चढली तर दिसते.

रचताना बहुतेक जण थर लावतात, जाड खाली आणि बारीक वर. मग जूनमध्ये सगळं बारीक संपतं आणि ऑगस्टमध्ये पेटवायला नुसते ओंडके उरतात. थर नकोत, कप्पे करा. डावीकडून उजवीकडे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे चार उभे कप्पे. प्रत्येकात जाड, मध्यम आणि बारीक लाकूड पहिल्या पायरीवर काढलेल्या वजनाच्या हिशेबाने. आंबा आणि हलकं लाकूड जूनच्या कप्प्यात, ऐन-खैर शेवटच्या दोनांत. गणपतीची भर त्या महिन्याच्या कप्प्यात आत्ताच घाला. कडेच्या फोडी चौकटीसारख्या एकाआड एक आडव्या लावल्या की टेकू लागत नाही. उंची छातीच्या वर नेऊ नका. ढासळला की पायावर येतो.

झड येणाऱ्या बाजूला नारळाची झापं बांधा, पण खाली आणि वर वीतभर फट सोडून.

तपासा : रचून झाल्यावर भिंतीकडच्या फटीतून विजेरी मारून बघा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

८. पेटवण वेगळी, आणि जास्त

सोडणं (नारळाची सालं), करवंट्या, सुकी चुडतं (नारळाच्या झावळ्या), ढलप्या, सालपटं, शेणी हे सगळं गोणपाटात भरून वर टांगा. सोडणं फोडल्या दिवशीच उन्हात टाका, ती स्पंजासारखी पाणी धरतात. पेटवणीचा अंदाज सगळेच कमी धरतात. रोज दोन वेळा चूल पेटणार असेल तर रोजच्या दोन मुठी आणि एक करवंटी धरा, म्हणजे सव्वाशे दिवसांना अडीचशे मुठी आणि सव्वाशे करवंट्या.

सावध : बांबूची पेरं आख्खी चुलीत टाकू नका. आतली हवा तापून पेर फटाक्यासारखं फुटतं आणि निखारा उडतो. बांबू आधी उभा चिरा.

९. पावसाळ्यातली रोजची रीत

पडवीतून थेट चुलीत लाकूड न घालता मध्ये एक मुक्काम ठेवा. तीन दिवस पुरेल एवढं लाकूड चुलीशेजारच्या भिंतीला उभं करा, ज्वाळेपासून दोन हात लांब. आज जाळलं तेवढं आज पडवीतून आणून मागे लावायचं, पुढचं आधी वापरायचं. या तीन दिवसांत विस्तवाच्या उबेने ते एवढं कोरडं होतं की फुंकणीला हात लावावा लागत नाही. चूल विझल्यावर जवळची लाकडं चुलीच्या तोंडात सारून झोपायची सवय मात्र सोडा. त्यातूनच रात्री आग लागते.

खोली बंद करून घमेल्यात निखारे ठेवून झोपू नका, थंडी कितीही असो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही.

पावसात लाकडांच्या रचाईत फुरसं, घोणस, मण्यार आणि विंचू आसऱ्याला येतात. अंधारात हात घालायचा नाही. आधी काठीने ठोका, विजेरी मारा, मग वरची फोड पुढच्या टोकाने उचला. भिंतीकडच्या फटीत हात कधीच नको. दंश झालाच तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

दर रविवारी चिऱ्यांवर मातीच्या रेघा चढल्यात का ते बघून खरवडून टाका. कौल गळून रचाईवर थेंब पडत असेल तर त्याच दिवशी कौल सारखं करा आणि भिजलेल्या फोडी चुलीजवळ आणा. सुक्या लाकडावर पडलेलं पाणी वरच्यावर असतं, दोन दिवसांत उडतं.

दसऱ्यानंतर उरलेलं लाकूड ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस पसरा, चिरे आणि बल्ल्या झाडून घ्या आणि ते लाकूड परत आत ठेवताना डावीकडच्या पहिल्या कप्प्यात लावा. पुढच्या मृगाला पहिली चूल त्यानेच पेटवायची.